पिंजऱ्याजवळची खुर्ची

मित्रांनो, कोर्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर न्यायाधीशांची उंच पाठीची खुर्ची येत असेल. ती मी नव्हे. मी तिच्यासमोरची, खालच्या फरशीवरची, साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळची लाकडी खुर्ची. पाय सागाचे, बैठक वेताची आणि हात एकच. दुसरा कसा गेला ते ओघात येईलच. आता मी म्हातारी झाले आहे आणि माझ्यावर बहुतेक वेळ पाण्याचा माठ ठेवलेला असतो. पण माझ्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ती जशी घडली तशी सांगते.

माझा जन्म तुरुंगातला. दचकू नका. सरकारी कचेऱ्यांची टेबलं, कपाटं, खुर्च्या पुष्कळदा तुरुंगातल्या सुतारशाळेत बनतात. मला घडवणाऱ्या कैद्याचं नाव गेंदलाल. माझी ऑर्डर कुठल्या कोर्टाची आहे हे कळल्यावर त्याने रंधा खाली ठेवला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "माझा पूरा खटला मी उभ्यानं ऐकला गा. शिक्षा सांगितली तवा पाय बधीर झाले होते. शिक्षेपेक्षा पायाचंच ध्यान जास्त होतं."

शेजारी हसला. "मंग इले चाकं लावून दे, पळून जाता येते."

गेंदलालने चाकं लावली नाहीत. माझी पाठ मात्र त्याने जरा मागे कलती केली आणि दोन्ही हात रुंद घडवले, म्हणजे थकलेल्या माणसाला टेकता येईल. मग माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सरकारी क्रमांक पडला आणि मी धानाच्या मुलखातल्या, वैनगंगेपासून थोड्याच अंतरावरच्या एका तालुक्याच्या कोर्टात येऊन पोहोचले.

साक्षीदाराने पिंजऱ्यात उभं राहून बोलायचं, हा रिवाज. म्हातारं, आजारी, दिवस गेलेलं कुणी असेल तर न्यायाधीश त्याला बसायला सांगू शकतात. मी त्यासाठी होते. 'सांगू शकतात' आणि 'सांगतात' यांत किती अंतर असतं, ते मला तिथेच कळलं. महिने महिने माझ्यावर कुणी बसत नसे. कोर्टाचा पट्टेवाला डोमाजी रोज सकाळी फडक्याने मला पुसायचा आणि म्हणायचा, "तुयी नोकरी बरी आहे. पगार नाही, पण काम बी नाही."

अशातच एके दिवशी डोमाजीने दारात उभं राहून तीनदा पुकारा केला, "कौतिकाबाई शेंद्रे हाजिर हो!" आणि एक ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्या समाजातली, बाई आत आली. चपला तिने बाहेरच काढल्या होत्या. आमच्याकडे खेड्यातली माणसं कोर्टात देवळासारखीच अनवाणी येतात. काठी टेकत नव्हती, पण गुडघे दुखत असावेत, कारण पिंजऱ्याची एक पायरी चढायला तिला कठडा धरावा लागला.

खटला तिच्या मुलाच्या मरणाचा होता. तिचा मुलगा दिवाकर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खांद्यावर जाळं घेऊन चालला होता. ती टोपली घेऊन थोडी मागे होती. मागून भरधाव ट्रॅक्टर आला, तिच्या अगदी जवळून पुढे गेला आणि त्याने दिवाकरला चिरडलं. ट्रॅक्टर गावातल्या लांजेवारांचा. त्यांचा मुलगा प्रफुल्ल तो चालवत होता, असं कौतिकाबाईचं म्हणणं. ट्रॅक्टरवर मी नव्हतोच, आमचा नोकर होता आणि तो गाव सोडून गेला, असं प्रफुल्लचं म्हणणं. पाळीवर पाहणारं दुसरं कुणी नव्हतं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेले प्रफुल्लचे मित्र 'आम्ही तिथे नव्हतोच' म्हणत होते. म्हणजे सगळा खटला या एका बाईच्या डोळ्यांवर उभा होता.

तेव्हाचे न्यायाधीश वयस्क आणि शांत होते. तिचे गुडघे त्यांना वरून दिसले असावेत. ते म्हणाले, "बाई, बसून बोला."

कौतिकाबाईने पदर सावरला आणि ती पिंजऱ्यातून उतरून माझ्या शेजारी, फरशीवर, मांडी घालून बसली.

वकिलांच्या रांगेत हसू फुटलं. न्यायाधीश हसले नाहीत. टेबलामुळे त्यांना ती दिसेनाशी झाली होती, म्हणून ते अर्धवट उठले आणि वाकून पाहत म्हणाले, "तिथं नाही बाई. खुर्चीवर."

"साहेब बी खुर्चीवर अन् मी बी खुर्चीवर? बरं दिसत नाही जी."

"माझी उंच आहे, तुमची बुटकी. झालं मग?"

तेव्हा ती माझ्यावर बसली. अगदी कडेला, जणू मी कुणा दुसऱ्याच्या मालकीची होते. बोलता बोलता हळूहळू मागे सरकली आणि शेवटी तिची पाठ माझ्या पाठीला टेकली. गेंदलालची मला त्या दिवशी फार आठवण झाली. तिने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. प्रफुल्लने डोक्याला लाल दुपट्टा बांधला होता. तो मागच्या ट्रॉलीकडे वळून हसत होता. तो पुढे पाहत नव्हता.

याला सरतपास म्हणतात. त्यानंतर विरुद्ध बाजूचा वकील उलटे प्रश्न विचारतो, तो उलटतपास. प्रफुल्लचे वकील होते पुंडे. ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "साहेब, उलटतपासाला पुढची तारीख मिळावी. कागद पाहायचे राहिलेत."

"आजच आटपा ना. म्हातारी बाई आहे."

"एकच तारीख, साहेब."

साहेब भले होते. पण भला माणूस कधीकधी सगळ्यांशीच भला वागतो. त्यांनी तारीख दिली. मित्रांनो, खुर्ची देणारा हात आणि तारीख देणारा हात एकच होता, हे मी लपवणार नाही.

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकिलांनी कौतिकाबाईला समजावलं, "आजी, उलटतपास होईपर्यंत जिवाला जपा. त्याच्याशिवाय आज बोललेलं धरत नाहीत. तुम्ही मध्येच गेलात तर सगळं पाण्यात."

"म्हंजे मले मराले बी सुट्टी नाही का जी?" ती म्हणाली.

तिची सून, दिवाकरची बायको रंजू, लेकीला कडेवर घेऊन शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आत्या, असं बोलू नये."

"मी काय बोलू? त्याहीनंच सांगितलं."

पुढच्या तारखेला पुंडे वकिलांना ताप होता. त्याच्या पुढच्या तारखेला ते जिल्ह्याला गेले होते. मग प्रफुल्लच्या घरी लग्न निघालं. मग वकिलांचा संप झाला. मग साहेबांची बदली झाली आणि कोर्ट काही काळ रिकामंच होतं. तारीख कधी रोवणीत पडायची, कधी धान कापणीत. कौतिकाबाई आणि रंजू पहिल्या एसटीने यायच्या, दाराशी बसायच्या, दुपारी भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी खायच्या आणि डोमाजीने पुढची तारीख सांगितली की परत जायच्या. रंजूच्या कडेवरची मुलगी आधी चालायला लागली, मग शाळेत जायला लागली.

नवे न्यायाधीश आले. त्यांच्याविषयी खोटं सांगणार नाही. ते वेळेवर येत, कागद काळजीपूर्वक वाचत आणि त्यांच्या टेबलावर खटल्यांचा डोंगर होता. पण ते दोन आवाजांत बोलत. वकिलांशी एक, खाली उभ्या असलेल्या माणसांशी दुसरा. 'साहेब, आज जरा...' एवढं अर्धं वाक्य वकिलाने म्हटलं की उरलेलं अर्धं साहेबच समजून घेत. एखादा मजूर उशिरा आला, एसटी चुकली म्हणाला, तर त्याला सगळ्यांसमोर विचारत, "कोर्ट तुझ्या बापाचं आहे का?"

त्यांच्यासमोर कौतिकाबाईचा पहिल्यांदा पुकारा झाला. ती आत आली, हात जोडले आणि मला पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. ती सरळ येऊन माझ्यावर बसली.

साहेबांनी मान वर केली. "ही कोण? खुर्चीवर बसायला कुणी सांगितलं?"

"मागच्या साहेबानं सांगितलं होतं जी."

"मागच्या साहेबांचं सांगणं त्यांच्याबरोबर बदलीवर गेलं. ऊठ. हे काय तुझ्या घरचं अंगण आहे?"

पुंडे वकील मोठ्याने हसले. ते हसले म्हणून मागच्या बाकांवरचेही हसले. कौतिकाबाई उठायला गेली, पण गुडघा आखडला आणि ती पुन्हा माझ्यावरच बसली. त्यावर आणखी हसू झालं. रंजू पुढे आली आणि तिने तिला काखेत धरून उठवलं. मी लाकडाची. मला लाज वाटते की नाही ते मला ठाऊक नाही. पण तिचं अंग थरथरत होतं आणि ते थरथरणं माझ्या चारही पायांत उतरलं होतं.

"आणि ती खुर्ची बाहेर काढा. उगाच ज्याला त्याला बसावंसं वाटतं," साहेब म्हणाले.

त्यानंतर पुंडे वकील म्हणाले, "साहेब, आज जरा..." आणि तारीख पडली.

माझी रवानगी व्हरांड्यात झाली, दाराला लागून. माझ्यावर माठ आला. माठ पाझरायचा. वेत भिजून सैल झाला, पायांना बुरशी धरली. एका तारखेला प्रफुल्ल लांजेवार आला, त्याने माठ उचलून खाली ठेवला आणि माझ्यावर बसून फोनवर बोलू लागला. मग बोलता बोलता माझ्या उजव्या हातावर बसला, पाय हलवत. हात कडकन मोडला. तो आणि त्याचे मित्र पोट धरून हसले. पलीकडे भिंतीशी कौतिकाबाई जमिनीवर बसली होती. माझ्यावर बसायला प्रफुल्लने कुणालाही विचारलं नव्हतं, एवढीच नोंद मी करते.

त्या न्यायाधीशांचीही बदली झाली. तिसऱ्या आल्या त्या मॅडम, वयाने लहान. त्या आल्या आणि सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. त्यांनीही आल्या आल्या या खटल्यात तारखा दिल्या. एकदा त्या स्वतःच रजेवर होत्या. कौतिकाबाई आता काठी टेकत यायची आणि तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. सरकारी वकील भेटले की म्हणायचे, "आजी, जपा." आणि ती म्हणायची, "जपून राहिले ना जी. आता माझा जीव माझा कुठं राहिला? सरकारी झाला."

मग तो दिवस आला. पुकारा झाला. पुंडे वकिलांचा सहायक उठला.

"मॅडम, सर जिल्ह्याला गेलेत. पुढची तारीख मिळावी."

मॅडम कागद चाळत होत्या. चाळता चाळता त्या थांबल्या आणि मागे मागे पानं उलटू लागल्या. मग म्हणाल्या, "उलटतपास तुम्ही घ्या."

"मी? माझी तयारी नाही, मॅडम."

"वकीलपत्रावर तुमचीही सही आहे." त्या पिंजऱ्याजवळ उभ्या असलेल्या कौतिकाबाईकडे वळल्या. "बाई, तुमची तयारी आहे?"

"मी तं घरून निंघतानाच तयारी करून निंघते जी."

"ऐकलंत? साक्षीदाराची तयारी आहे. दुपारनंतर उलटतपास. तुम्ही घ्या नाहीतर तुमच्या सरांना बोलवा. नाही झाला, तर संधी संपली असं लिहीन."

सहायक धावत बाहेर गेला. जिल्ह्याला गेलेले पुंडे वकील बाजारातल्या चहाच्या टपरीवरून थोड्याच वेळात आले. डोमाजी माझ्याजवळ उभा राहून पुटपुटला, "जिल्हा आता लयच जवळ आला बापा."

दुपारी कोर्ट बसलं. कौतिकाबाई पिंजऱ्याची पायरी चढू शकेना. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. खालीच थांबा. यांना खुर्ची द्या कुणीतरी."

डोमाजीने माठ उतरवला, फडक्याने मला कोरडं केलं आणि आत आणलं. किती वर्षांनी मी त्या फरशीवर आले होते! माझी जागा तीच होती. मनात आलं, आता ती बसेल.

ती बसली नाही.

"बसा, बाई," मॅडम म्हणाल्या.

"नको जी. उभीच बरी."

"मी सांगते ना, बसा."

कौतिकाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. ती म्हणाली, "अन् तुमची बदली झाली तं जी?"

डोमाजीने मान खाली घातली. पुंडे वकील कागदात डोकं घालून बसले. मॅडमना मागचं काही ठाऊक नव्हतं. पण काहीतरी घडलेलं आहे, एवढं त्यांना त्यावरून कळलं असावं. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

"बरं. हात तरी टेका."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. सबंध उलटतपास तिने तसाच, माझी पाठ धरून, उभ्याने दिला.

पुंडे वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, "ट्रॅक्टरवरच्या माणसानं डोक्याला काय बांधलं होतं?"

"लाल दुपट्टा."

"तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे ना?"

"तवा नव्हता जी. इथं येता येता झाला."

"इतक्या वर्षांपूर्वीचा दुपट्टा तुम्हांला आजही आठवतो?"

माझ्या पाठीवरची तिची बोटं घट्ट झाली. "विसरू देलं कुठं तुमी? दर तारखेले एसटीत बसली की मी पयल्यापासून मनात म्हनत येते. काही सुटू नये, काही चुकू नये."

पुंडे वकिलांना हवं ते सापडलं. ते टंकलेखकाकडे वळून म्हणाले, "लिहा. हे म्हणणे खरे आहे की, मी माझी साक्ष पाठ करून आले आहे."

रंजूच्या तोंडून "अरे देवा" निघालं. सरकारी वकील उठले, पण त्यांच्या आधी मॅडमनी हात वर केला.

"थांबा. उत्तर जसं दिलं तसंच लिहिलं जाईल. बाई, मनात काय म्हणत येता? कुणी शिकवलेलं?"

"कोण शिकवंन जी? मायाच पोरगा होता. पाळीवरून चालला आहे, जाळं खांद्यावर आहे, मागं ट्रॅक्टर येते. मी हाक मारते, त्याले ऐकू जात नाही. घरी असली तं मी कामात राहते, ध्यानात येऊ देत नाही. पण तारीख आली की पाहाच लागते. जेवढ्या तारखा तुमी देल्या, तेवढ्या वेळा तो मायापुढं मेला. मंग दुपट्टा कसा विसरन मी?"

मॅडमनी ते उत्तर सावकाश, तिच्याच शब्दांत, टंकलेखकाला सांगितलं. 'तारखा तुमी देल्या' हे शब्दही वगळले नाहीत. त्यांतल्या काही तारखा त्यांच्या स्वतःच्या होत्या.

पुंडे वकिलांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि ते बसले. संपला उलटतपास. एवढासा होता तो. बाहेर डोमाजीने ठेवलेला चहाही तोवर पुरता निवला नव्हता.

पुढे निकाल लागला. मॅडमनी कौतिकाबाईचा शब्द खरा धरला आणि प्रफुल्लला शिक्षा सांगितली. त्याच संध्याकाळी तो जामिनावर घरी गेला, कारण त्याला वरच्या कोर्टात अपील करायचं होतं. मी तेव्हा पुन्हा व्हरांड्यात आले होते. एकाच हाताची खुर्ची आत शोभत नाही, असं कुणीतरी म्हटलं होतं.

रंजू निकालाची नक्कल मागायला खिडकीवर गेली होती. कौतिकाबाई काठी टेकत माझ्यापाशी येऊन उभी राहिली. डोमाजी माठ धुवायला नळावर घेऊन गेला होता. तो परत आला तर ती तशीच उभी.

तिने विचारलं, "वरच्या कोर्टात मले उभं राहा लागंन का गा?"

"नाही माय. तिथं फक्त वकील बोलतात. तुमचं बोलून झालं. आता ते कागदावर आहे."

"म्हंजे सुटली मी?"

"तुमी सुटल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कोर्टाच्या दाराकडे पाहिलं. आत मॅडम उठून गेल्या होत्या, बाकं रिकामी होती, कुणीच नव्हतं. तरी तिने आवाज खाली आणून विचारलं, "बसू का जी?"

डोमाजीच्या हातातला माठ तसाच राहिला. "बसा ना माय. कोणाले विचारता?"

ती बसली. कडेला. रंजू नक्कलेचा अर्ज देऊन येईपर्यंत ती तशीच बसून होती. मी वाट पाहत होते, पण तिची पाठ माझ्या पाठीला काही टेकली नाही.

मित्रांनो, मला तेलपॉलिश नको. मोडलेला हात जोडला नाही तरी चालेल आणि माठही खुशाल राहू द्या. तुमच्यातलं कुणी उद्या उंच खुर्चीवर बसेल, कोर्टात, कचेरीत किंवा शाळेत. समोर कुणीतरी अनवाणी येऊन उभं राहील. त्याचं काम आज होण्यासारखं असेल तर ते आजच करा. आणि त्याला 'बसा' म्हणायचं असेल तर ते आधी म्हणा. एकदा हसून उठवलेल्या माणसाला पुन्हा बसवणं माझ्यासारख्या खुर्चीच्या हातात नसतं. मला तर आता हातही एकच आहे.